पान पाच, खालचा कोपरा

एकतीस वर्षं मी पणजीत प्रुफं वाचली.
मृतांची वयं घरी फोन करून विचारायचो,
आणि तरीही एकदा
जिवंत माणसाचा फोटो निधनवार्तेत गेला.
दुसऱ्या दिवशी तो स्वतःच कचेरीत हजर,
डोक्याला तेल लावून, इस्त्रीचा सदरा घालून.
'भियेनाकात,' म्हणाला, 'हांव जितो आसां.
पण पेपर मेलो म्हणतो. तर ठरवा दोघांत.'
आम्ही दिलगिरी छापली. पान पाच, खालचा कोपरा,
मुंगीएवढ्या टायपात.
पण छापली.

आता कुंभारजुव्यात घरीच असतो.
पोदेराच्या भोंप्याआधी सुलक्षाचा फोन वाजतो.
आज म्हणे आपल्या खाडीतली मगर रस्त्यावर आली,
टपरीसमोर जबडा वासून.
मी चष्मा पुसून पाहिलं:
गाड्या उजव्या बाजूने चालल्यात,
पाटीवरची अक्षरं देव जाणे कुठली,
आणि झाड आपल्याकडचं एकही नाही.
'अहो बाबा, पण साडेचार हजार लोकांनी पाहिलंय!'
यावर मुद्रितशोधनात खूण नाही.

खरी मगर मला ठाऊक आहे.
ओहोटीला इनासच्या होडीपलीकडे पडून असते,
चिखलात, चिखलाच्याच रंगाची.
तिचा व्हिडिओ कोण काढणार?
ती काहीच करत नाही.

त्याच आठवड्यात रात्री ट्रक आले
आणि खाजनात तांबडी माती पडली.
मानशीचं दार चवथीपासून मोडलेलं;
भरतीला मिटायचं, ओहोटीला उघडायचं,
खारं पाणी भातात येऊ द्यायचं नाही,
एवढीच त्या फळीची विद्या,
तीही कुणाला परवडेना.
पेपरात पहिलं पान भरून जाहिरात होती:
पाण्याकाठी तुमचं स्वप्नातलं घर.
मातीची बातमी मी पान पाचच्या खालच्या कोपऱ्यातही शोधली.
नाक्यावर आमदाराचा फलक. नवं चिन्ह जुन्यावर चिकटवलेलं,
एका बाजूने गोंद सुटलेला.

सर्वेशने हरकतीचा अर्ज फोनलाच लिहायला सांगितला.
मी चहात पाव बुडवून काढेपर्यंत तयार.
ऱ्हस्वदीर्घ चोख. 'पर्यावरणीय समतोल' दोनदा.
पेन्सिल घेऊन शेवटपर्यंत गेलो,
टेकवायला जागा मिळेना.
इतकं निर्दोष प्रूफ जन्मात पाहिलं नव्हतं;
नातवाला कसं सांगू, मला भीती वाटली.
मग सर्व्हे नंबर दिसला.
ट्रंकेतून एक-चौदाचा उतारा काढला. नंबर आमचा नव्हेच.
'कुणी दिला हा?'
'मी नाही, आजोबा. त्यानेच घातला.'
'विचार त्याला.'
विचारलं. त्याने लगेच माफी मागितली,
आमच्या संपादकाने उभ्या आयुष्यात मागितली नसेल इतकी गोड,
आणि दुसरा नंबर दिला.
तोही चूक.

लाल पेन्सिलीने खरा नंबर घातला, तोच कागद ग्रामसभेत वाचला.
सात मिनिटं. मध्ये एकदा खोकलो.
संध्याकाळी माझा व्हिडिओ फिरला, बारा सेकंदांचा.
त्यात मी फक्त खोकतो.
खाली कुणीतरी लिहिलेलं:
विकास यांना पचत नाही.
सुलक्षा फोन लपवत होती. मी म्हटलं, दाखव गं,
खोकला तरी माझाच आहे.

रात्री तो माणूस आठवला, इस्त्रीच्या सदऱ्यातला.
त्याला निदान जायला एक जिना होता,
वर एक टेबल,
टेबलामागे घाम फुटलेला मी.
मी डोक्याला तेल लावून कुठे जाऊ?

पहाटे ओहोटी होती. बांधावर गेलो तर
इनासने मानशीला होडीची जुनी फळी
निळ्या दोरीने बांधलेली.
दुपारी भरती आली. फळी कुरकुरली, टिकली,
खालून थोडं गळत राहिलं.
'गळता,' मी म्हटलं.
'दिसता म्हाका,' इनास म्हणाला,
आणि विडी पेटवून तिथेच बसला.