शेरा

हरिपूरच्या रस्त्याला चिंचा संपतात
तिथून आत वळले, बँकेची फाईल घेऊन.
तारण मालाची तपासणी. पेवं दोन.
मालक बाबगोंडा मगदूम, माल हळद,
आणि छापील चौकटीत प्रश्न:
चांगला किती, खराब किती, टक्क्यांत लिहा.

दस्तगीर मुजावर फरशीवर उकिडवा बसला होता.
वर त्याची विडी,
खाली तीन वर्षांचा अंधार.
"किती असेल हो चांगला?"
"उघडल्याबिगर कळत न्हाई.
आन उघडलं की ते पेव ऱ्हात न्हाई, बाई.
समदं काढावंच लागतंय."
मी पेनाचं टोपण काढलं होतं. परत लावलं.

एक आज काढायचं होतं, दुसरं तसंच ठेवायचं होतं.
त्यानं विडी विझवली, कडेची माती खरवडली,
दोघांनी पहार लावून फरशी सरकवली.
वास आला. गरम, गोडसर,
घरच्या डब्यातल्या हळदीशी ओळख नसलेला.
दोरीला कंदील बांधून त्यानं खाली सोडला:
चार हात, पाच हात,
सातव्या हाताला कंदील गेला.
काही आवाज झाला नाही.
"बसा आता," तो म्हणाला,
पाहुण्याला म्हणावं तसं.

बसलो. दोन तास.
ह्या दोन तासांसाठी फाईलमध्ये रकाना नाही.

मी म्हटलं, तुमच्या वडलांना म्हणे
फरशीवर थाप मारून आतलं कळायचं.
"लोक म्हंत्यात," तो हसला.
"बा म्हणायचा, मला काय कळत न्हवतं.
पर इचारणारा उनात हुबा असायचा.
कायतरी सांगाय लागायचं."

अकरा वर्षं मी उन्हात उभ्या असलेल्यांना सांगत आलेय.
म्हशीचं वय. इमारतीचं उरलेलं आयुष्य.
परतफेडीची शक्यता: उत्तम.
एका उत्तमनं शेवटचा हप्ता भरून पेढे आणले,
दुसरा उत्तम मिरजेच्या कोर्टात तारखा घेतोय.
दोन्ही शब्द माझेच, एकाच शाईतले,
वेलांटी-उकारात काडीचा फरक नाही.

दुसऱ्यांदा कंदील तळापर्यंत गेला, जळत राहिला.
वाकून पाहिलं:
उजेड पडला तेवढीच हळद,
पुढे नुसती कड.
दस्तगीर दोरीनं उतरला.
त्याचा आवाज वर यायचा तो रांजणातून आल्यासारखा, जाड.
वरचा थर खणखणीत. मी लिहिलं, नव्वद.
मग नदीच्या बाजूनं ओल लागलेला काळा. खोडलं, साठ.
त्याच्याखाली पुन्हा पिवळाधमक,
मोडला की टणकन वाजणारा.
खोडलं.
बाबगोंडा प्रत्येक पाटीला आधी वर आभाळाकडे
आणि मग माझ्या पेनाकडे बघायचे.
बिचाऱ्यांना वाटत असावं
यातलं एक तरी आधीपासून जाणतंय.

संध्याकाळी आकडा निघाला. तो खरा होता,
कारण आता तिथे पेव नव्हतं, खड्डा होता.

राहिलं दुसरं. दहा पावलांवर,
तीच माती, तीच नदी, तेच साल.
याच्यावरून त्याचं सांगता आलं असतं.
सांगतात सगळे. मीही सांगितलंय.
दस्तगीर हात धुवायला नळाकडे गेला
(की मुद्दाम गेला, कोण जाणे)
तेव्हा मी गुडघे टेकले,
साडीला चिखल लावून घेतला,
आणि फरशीला कान लावला.

ऑफिसात संगणक रिकामी चौकट घेत नाही.
तांबडं होतो, पुढे सरकू देत नाही.
शून्यही घेतो, शंभरही घेतो,
'माहीत नाही' घेत नाही.
तेव्हा काहीतरी भरलं. नोकरी आहे.
पण खाली शेऱ्याची जागा असते,
तीन ओळींची, कुणी न वाचण्याची.
तिथे लिहिलं:
पेव क्रमांक दोन उघडलेले नाही.
कान लावून पाहिला.
फरशी गार आहे.

सुतारसाहेबांनी नेमकं तेवढंच वाचलं.
चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.
"गार आहे म्हणजे चांगलं की वाईट?"

"गार आहे, साहेब," मी म्हटलं.