पट्टी

निपाणीत, तंबाखूच्या जुन्या वखारीसमोर
माझं औषधांचं दुकान.
पाटीवर कन्नड वर, मराठी खाली.
अक्षरांची उंची मोजायला
अधूनमधून कुणीतरी येतं, हातात फूटपट्टी,
मोजून जातं.

साडेपाचला वखार सुटते.
बायका यायच्या आधी वास येतो,
पहिली शिंक माझीच.
आक्काताई काउंटरवर कोपर टेकते,
म्हणते, "त्ये द्या."
तिच्या मागची सत्यव्वा म्हणते, "अद कोड्री."
दोन भाषांतली दोन सर्वनामं,
खणातून निघते एकच पट्टी.

सुरुवातीला आक्काताईनं उजेडात धरून मोजली.
"बिडीच्या कट्ट्यात पंचवीस,
ह्यात अठ्ठावीस. तीन जास्तीच्या कशाला?"
सांगितलं, एकवीस पांढऱ्या, त्या कामाच्या.
ह्या सात काळपट, लोहाच्या,
रक्त भरून यायला.
"लोखंड व्हय! मग सात मालकास्नी घालते,
त्येच गंजल्याती."
बायका अशा हसल्या की
समोरच्या पंक्चरवाल्यानं मान वर केली.

सरकारी दवाखान्यात जायचं तर
रांग, केसपेपर, मॅडम रजेवर, उद्या या;
हजारातल्या पाचशे बिड्या बुडतात.
माझ्याकडं, सुट्टे शोधायला लागतो तेवढा वेळ.

कागदात गुंडाळून देते.
रद्दी दोन्ही भाषांची येते,
हाताला येईल ते पान फाडते.
बाहेर, सीमाप्रश्नाला पुन्हा पुढची तारीख पडल्याची बातमी,
आत हिची तारीख.

इथवर सांगताना मी बरी दिसते.
म्हणून मार्चमधलं सांगते.
बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाचे पेपर चालू होते.
ओढणीनं तोंड बांधलेली एक मुलगी,
डोळे मात्र आमच्याच गल्लीतले,
कुंभारांच्या वृषालीचे.
हळूच म्हणाली, "बहात्तर तासांची."
आणि माझ्या तोंडून माझे वडील बोलले,
"लग्न झालंय का?"
मग, "डॉक्टरची चिठ्ठी आण."

चिठ्ठी लागत नाही.
कायदा मागत नाही.
मी मागितली.

श्रावणात ती आईच्या खोकल्याचं औषध न्यायला आली.
तोंड उघडं. पैसे मोजता मोजता म्हणाली,
"त्या दिवशी कागलला गेले होते, काकू.
कोगनोळी नाक्यावर बस तासभर अडकली.
तिथल्या माणसानं एकच विचारलं,
किती तास झाले?"
पाच रुपये परत द्यायचे होते,
मी दहा दिले.
तिनं पाच काउंटरवर ठेवले आणि गेली.

तेव्हापासून मला दिसायला लागल्या
स्टँडकडून येणाऱ्या बायका,
कागलच्या, मुरगूडच्या,
तिकडच्या लाल बसमधून उतरून
मधली चार दुकानं ओलांडून सरळ माझ्याकडं.
ह्यांना मी कधी काही विचारलंच नव्हतं.
ओळख नाही, मग चिठ्ठी कशाला?
आमच्या मुली तिकडं, त्यांच्या इकडं,
इतकी वर्षं भांडून न हललेल्या रेषेवरनं
तिकीट काढून,
तोंड ओळखणारं कुणी नसावं एवढ्यासाठी.

तो खण ग्राइपवॉटरच्या मागं असायचा,
वडिलांच्या वेळेपासून.
आता हाताशी घेतलाय.
वृषाली अजून समोरून जाते, वर बघत नाही.

काल मुरगूडची एक परत जायला निघाली,
फलाटांच्या पाट्या कन्नडमध्ये, तिला वाचता येईनात.
दुकान तसंच उघडं टाकून
बसमध्ये बसवून आले.
परत येते तो काउंटरवर आक्काताई,
कोपर टेकून,
"कुठं गेलतासा? त्ये द्या.
आन् लोखंड जरा जास्तीचं घाला."