नमद्याचं कडं

सिक्स्टन, तुझ्या अ‍ॅमेझॉनचा गिअरबॉक्स उतरवला आज.
एकटीनं नव्हे. आल्गोतचा नातू आला होता, एलोफ.
दारात बूट आपटून बर्फ झाडत म्हणाला,
"एवढ्याशा कड्यासाठी एवढं सगळं?"

एवढ्याशाच कड्यासाठी.
किंमत दोन कप कॉफीची,
पण बसलंय अशा जागी, की शाफ्ट, गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील
सगळ्यांनी उठून वाट दिल्याशिवाय
हात पोचत नाही.

तू अकरा वर्षं नुसता पुठ्ठा सरकवलास खाली.
सापडले मला ते, कपाटामागे उभे लावलेले,
प्रत्येकावर पेन्सिलीनं तारीख, डागाभोवती रेघ.
आधी नाण्याएवढा. मग बशीएवढा.
एका मार्चमध्ये जरा लहान,
तिथं तू लिहिलंस: बरं आहे.
आईच्या रक्तदाबाची वहीही तूच ठेवायचास.

दुपारी दोनलाच अंधारलं.
दिवा इंजिनाखाली टांगला, फ्लायव्हीलवर खूण केली,
होतं तसंच परत बसावं म्हणून,
आणि पोटाशी धरून उतरवलं.
लाकडाच्या गिरणीतली तीस वर्षं
अजून आहेत दंडात थोडी.

जुना नमदा निघाला, काळा, वाळून ताठ.
नवा रात्रभर तेलात ठेवला,
गुरुवारच्या सूपसाठी वाटाणे भिजत घालते तसा.

मग एलोफनं इंजिनाच्या श्वासनळीत फुंकर घातली.
गाल फुगले, कान लाल झाले,
वारा पलीकडे गेलाच नाही.
आत डांबरासारखा गाळ.
"कड्याचा दोष नव्हताच," तो म्हणाला,
"आतली वाफ जाणार कुठून?
मग जिथं नरम लागेल तिथून..."
वाक्य तसंच सोडून तेरा नंबरचा पाना शोधू लागला.

शेवटच्या हिवाळ्यात तू मिठावरून चिडायचास.
फक्त मिठावरून.
कमी पडलं तरी, जास्त झालं तरी.
आणि नंतर तासभर खिडकीतून
गोठलेल्या नदीकडे बघत बसायचास.
मी बरणी तुझ्यापुढे सरकवायचे,
बस, इतकंच.

नळी रॉकेलमध्ये बुडवली.
तारेनं कोरत बसले, बराच वेळ.
एलोफ घरी गेला तरी.

काल सोर्सेलेपर्यंत जाऊन आले.
तुझी गाडी वळणावर अजून डावीकडे ओढते.
रात्री नवा पुठ्ठा घातला.

सकाळी त्यावर एक थेंब.
बोटानं टिपला, वास घेतला.
तेल नव्हे, चाकाच्या कमानीतून वितळलेला बर्फ.

तरी पेन्सिल घेतली,
तो वाळायच्या आत
भोवती रेघ ओढली.