वाढत्या अंगाचं

दोंडाईच्यात जून लागला की दुकानात आयांची रांग,
आणि प्रत्येकीचं एकच: वाढत्या अंगाचं शिवा, दादा.
मी मान हलवतो, दीड इंच माया आत दुमडतो.
अशी माया मी अर्ध्या गावाच्या पोरांत ठेवली आहे.
माप-वहीत सगळे आहेत,
निकुंभांची जुळी, फाटकाजवळच्या पिंजाऱ्यांचा रिझवान,
फक्त आमचा हर्षल नाही.
घरच्याचं कसलं माप? त्याचं मी नजरेनंच बेततो.

या वर्षी नजर चुकली.
नववं वरीस, आणि वरचं बटण काजापर्यंत पोचेना.
मला हसू आलं, खरं सांगतो, अभिमानाचं.
त्या वयात माझ्या सदऱ्यात दोन मी मावायचो.
बटण दोन बोटं सरकवलं आणि विसरलो.

तो घोरतो हे गल्लीला ठाऊक होतं.
समोरच्या हिराबाई म्हणायच्या,
"पोऱ्या घोरस म्हंजे गाढ निजस. निजू द्या."
मिरचीच्या दिवसांत आम्ही ते मिरचीवर ढकलायचो.
बाजाराकडून वारा आला की अख्खं गाव शिंकतं,
त्यात एका पोराचं नाक ते काय.

लग्नसराईतल्या एका रात्री दोरा तुटला, मशीन थांबलं,
आणि कळलं की तोही थांबलाय.
छाती ओढत होती, पोट हलत होतं,
तोंड सताड उघडं,
आणि आत काहीच जात नव्हतं.
मी सुई हातात धरून मोजत राहिलो.
मोजणं एवढंच येतं मला.
अकरा. बारा. तेरा.
मग एक हिसका, विहिरीतून वर आल्यासारखा,
कूस बदलली, आणि पुन्हा ती करवत,
जी मला पहिल्यांदा गोड वाटली.

वर्गात झोपतो, असा शेरा आला होता शाळेतून.
तेव्हा मी त्याला पट्टीनं मारलं होतं,
कापड आखायच्या, लाकडी, चोवीस इंची.
हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

धुळ्याला डॉक्टरीणबाईंनी खणातून टेप काढला,
माझ्यासारखाच, पिवळा, टोकाला पितळी पत्रा.
पण त्यांनी उलटी बाजू धरली, सेंटिमीटरची,
जी तीस वर्षांत मी वाचली नव्हती.
गळा तेहतीस. कमर एक्क्याऐंशी. उंची एकशे एकतीस.
आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि पेन थांबलं.
ते थांबणं मी ओळखतो.
कापड पुरणार नसलं की माझीही कात्री तशीच थांबते.

बाहेरून कॉलर तंग, तशी आतून वाट तंग, त्या म्हणाल्या,
त्यात टॉन्सिल सुपारीएवढे.
मग बारीक पोरांना हे नसतं का? मी विचारलं.
त्यांनी दाराबाहेर बोट दाखवलं.
बाकावर एक हाडकुळी पोरगी, दोन वेण्या,
तोंडानं श्वास घेत, आईच्या मांडीवर कलंडलेली.
टेप नुसती शंका घेतो, बाई म्हणाल्या,
खरं ते रात्र सांगेल.

ती रात्र आज.
हर्षलच्या बोटाला लाल दिवा, छातीला पट्टे, नाकाखाली नळी.
सिस्टर म्हणते, मशीन मोजतंय, तुम्ही पडा.
मी माप-वही आणली आहे.
त्याचं नाव पहिल्यांदा लिहिलं, खाली गळा तेरा, इंचात,
आणि एक नवा रकाना आखला, त्याला नाव सुचेना.
त्यात आतापर्यंत सात रेघा.

घरी त्याचा शर्ट अर्धा बेतून पडलाय.
बाहीला माया ठेवता येते, कमरेला येते,
गळा मात्र नेमका कापावा लागतो,
हे बापानं मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.

पावणेतीन.
परत थांबला.
नऊ. दहा.
घोर रे भाऊ,
घोर.