अर्धं पिंप

कॅनडा कॉर्नरच्या डॉक्टरांनी हात उलटसुलट पाहिले,
म्हणाले, कूलंटची ॲलर्जी आहे, आणि टेन्शन कमी करा.
मलम लिहून दिलं. टेन्शनवर काही लिहून दिलं नाही.

अंबडहून सुटताना खैरनारबाई म्हणाली,
सातूचं पीठ घे मूठभर, फडक्यात बांध,
कोमट पाण्यात सोड, आणि स्वतःलाही सोड.
कशात सोडू? आमची मोरी चार बाय तीन.

मग निळं पिंप आठवलं, आडवं कापलेलं,
ज्यात दिवाळीआधी गोधड्या तुडवते.
घासलं. गिझर दोनदा चालवला,
बिलाचा आकडा मनातून पुसून.

बसले. गुडघे हनुवटीला.
पुरचुंडीतून झिरपून पाणी दुधाळ.
रामकुंडावर लोक सात जन्मांचं धुतात;
मला फक्त सेकंड शिफ्ट धुवायची होती,
सुपरवायझरचा आवाज,
कानामागचा लोखंडी वास.

बोटांच्या भेगा आधी चुरचुरल्या,
मग निवल्या,
रडून दमलेलं पोर मांडीवर निवतं तशा.
खांदे कानांपासून खाली आले.
इतकी वर्षं ते वर होते, हे ठाऊकच नव्हतं.

लेकानं कडी वाजवली,
"आई, बुडालीस का?"
"नाही रे, तरंगतेय."
पिंपात नऊ इंच पाणी.

मग अंग न घासता, नुसतं टिपून,
कोपरापर्यंत खोबरेल.
उद्या तेच मशीन, तेच कूलंट.

ते पाणी ओतून द्यायला हात होईना.
तांब्यातांब्यानं नेऊन
गॅलरीतल्या कढीपत्त्याला घातलं,
ओल्या केसांनी, थंडीत, सावकाश.