चेंडू वळतो ती जागा

ग्लिनने आधी गोटी मागितली, उतार बघायला.
गोट्या कुठल्या आता घरात?
डब्यातली सुपारी काढून दिली.
फळीवर ठेवली तशी घरंगळत गेली
मॉरीनच्या कुंपणाकडे, जिथे निचऱ्याचा पाइप पुरायचा होता.
"शंभराला एक," तो म्हणाला. "बरोबर.
स्टॉकपोर्टमध्ये पाण्याला वाट दाखवावी लागते,
नाहीतर ते आपली आपण काढतं."
हिलाच आम्ही पाटावर गणपती म्हणून बसवतो,
हे त्याला सांगितलं नाही.
त्याने ती खिशात टाकली, मापाच्या टेपशेजारी.

मग अंगण सोललं.
वीतभर काळी माती, खाली पिवळी चिकट,
तिच्यात कुणाच्या तरी कपाचा एक कान.
आणि मध्ये प्लमचं झाड.
विद्याधर म्हणाला, सगळी मिळून पाटीभर फळं, त्यातली निम्मी किडकी.
शाल्मली म्हणाली, आई, माझा टप्पा नेमका तिथेच पडतो.
मी स्वयंपाकघरात गेले.
करवतीचा आवाज खिडकी लावली तरी येतो.
"मुळं?" मी नंतर विचारलं.
"दिसली तेवढी काढली," ग्लिन म्हणाला.
तेव्हा हे वाक्य मी नीट ऐकलं नाही.

काळं कापड, खडी, वर ग्रॅनाइटची बारीक कच.
ठोकायचं यंत्र तीन दिवस थडथडत फिरलं,
कपाटातल्या बशा किणकिणत राहिल्या.
मग हिरवे रूळ आले, सतरंज्या यावात तसे,
आणि मी धावत बाहेर गेले: लव बघा, लव!
दोन तुकडे उलटसुलट लागले तर
एकाच हिरव्याचे दोन हिरवे दिसतील.
माझ्या आईने अमळनेरात मखमलीचे ब्लाउज शिवले,
मला एवढं कळतं.
ग्लिनने टोपी मागे सारली. एक रूळ खरंच उलटा होता.

ह्याला काही करावं लागत नाही, असं दुकानदार म्हणाला होता.
दर शनिवारी ताठ केसांच्या झाडूने
लवेच्या उलट झाडायचं, पाती उभी करायची,
दबलेली वाळू वर आणायची, कमी पडली तर पोतं फोडायचं.
मॉरीनच्या बर्चची पानं ओली व्हायच्या आत उचलायची.
दहिवर गोठलं असेल तर पाय ठेवायचा नाही.
कोल्हा काय ठेवून जातो ते सांगत नाही.
आणि उत्तरेच्या कोपऱ्यात, दुसऱ्याच हिवाळ्यात,
खोट्या गवतात खरं शेवाळ.
मी गुडघ्यावर बसून खरवडत होते.
मॉरीन कुंपणावरून म्हणाली,
"चाळीस वर्षं झाली, मी अजून खरवडतेय.
ये, ह्या कामात तुझं स्वागत आहे."

तिसऱ्या वर्षी शाल्मलीची फिरकी एकाएकी
तिच्या वयापेक्षा मोठी झाली.
विद्याधर पुढे पाय टाकायचा, आणि मागे स्टंप पडलेले.
चारदा. पाचव्यांदा त्याने बॅट ठेवली,
दोरी ताणली, वाकून बघितलं.
बोटभर खळगा.
मी डब्यातून दुसरी सुपारी आणली.
फळीशिवायच सोडली.
घरंगळली, हळू झाली, आणि झाडाच्या जागी
बसली.

ग्लिन आला. तेच जॅकेट, गुडघे मात्र थकलेले.
"मुळं कुजतायत," म्हणाला. "दहा वर्षंही चालेल हे.
सांधा उघडून भरून देतो, सहाशे पाउंड."
शाल्मलीने माझ्याकडे बघितलं,
मी विद्याधरकडे,
विद्याधर त्या खळग्याकडे, ज्याने त्याला चारदा बाद केलं होतं.

संध्याकाळी झाडताना तिथे चप्पल काढते.
पावलाखाली जमीन किंचित आत जाते,
झाड अजून जायचं आहे, सावकाश, त्याच्या सवडीने.
तेवढ्यात वाळू कमी टाकते मी. कुणाला सांगितलेलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात बुजवू, असं ठरलंय.
गेल्या उन्हाळ्यातही हेच ठरलं होतं.