मसुदा, पान एकोणचाळीस

शब्दाला दीड रुपया.
मसुदा जिनिव्हाहून निघाला, दिल्लीत महिनाभर बसला
आणि नेरुळच्या माझ्या टेबलावर आला.
एकशे बारा पानं : किनारे, समानता, शाश्वत विकास.

मूळ वाक्याला लिंग नव्हतं.
तिथं कुणीही मासे धरू शकतं.
मराठीत क्रियापद दारातच अडवतं :
तो की ती?
आठ वर्षं मी थांबलेच नाही, 'तो' लिहीत गेले.

दिवाळे गावात गेले ते भलत्याच कामाला,
'लवचीकते'ला एखादा बरा शब्द मिळतो का बघायला.
बारकीबाई तांडेल पायात मोजे चढवत होत्या,
नातवाचे, फुटबॉलचे, लाल पट्ट्यांचे.
चिखलात कालवांच्या कडा ब्लेडसारख्या लागतात.
कमरेला कोयती, शेजारी पाटी.
मी पान एकोणचाळीस वाचून दाखवलं.
त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, दुसरा मोजा ओढला.
"बोटीन बसला तो मासेमार.
आन् चिखलान उतरली ती कोण गो?"

लवचीकता विचारायची राहून गेली.

सल्लामसलत वाशीच्या हॉटेलात होती,
गुरुवारी, साडेदहाला.
महिलांसाठी राखलेल्या बारा खुर्च्या,
बारा पाण्याच्या बाटल्या, सील न तुटलेल्या.
अहवालात एक ओळ : महिलांचा प्रतिसाद अल्प.
त्या दिवशी षष्ठी होती. सुकती साडेदहाची.
बाराही जणी खाडीत होत्या, मांडीभर चिखलात,
पाणी फिरायच्या आत पाटी भरायची म्हणून.

त्या रात्री मी अनुवादकानं करू नये ते केलं.
'मासेमार' खोडून 'मासे धरणारी' लिहिलं, अठ्ठेचाळीस वेळा,
आणि तळाला एक बारीक टीप घातली,
मुळात नसलेली :
बैठक सुकतीच्या वेळी ठेवू नये.

संपादकांचा फोन आला. 'धरणारी' काढा,
सर्वसमावेशक ठेवा.
काढलं. घराचा हप्ता पाच तारखेला असतो.
टीप त्यांना दिसली नसावी.

पुढच्या मार्चमध्ये नवा मसुदा आला.
शब्दाला आता चाळीस पैसे,
पहिला हात यंत्राचा, मी नुसतं तपासायचं.
पान एकोणचाळीस. तो, तो, तो.
आणि टिपेतून वर चढून थेट कलमात :
'सल्लामसलतीचे आयोजन
न्यूनतम जलपातळीच्या कालावधीत करण्यात येऊ नये.'
कुणी उचलली, कुठल्या टेबलावर, ठाऊक नाही.
सहा भाषा फिरून आली होती,
ओळखू येऊ नये इतकी सुजून.

लाल पेन घेतलं.
'न्यूनतम जलपातळी' खोडून लिहिलं : सुकती.
मग वर गेले, पहिल्या 'तो'पाशी,
आणि बारकीबाईंना फोन लावला.
वाजत राहिला.
भिंतीवरची तिथी पाहिली. सप्तमी.
घड्याळात अकरा.